झाडाचं वय

आमच्या कोपऱ्यावरच्या वडावर पालिकेने गणतीचा नंबर रंगवलाय. तो दिसला की मला हटकून रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आठवतं. आरमाराला लाकूड हवंच, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं त्यात बजावलंय. अगदी जीर्ण झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं.

शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्राने कायदा केला १९७५ साली. वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी गणती, तोडायला परवानगी. सगळं ठीक, पण जुना वड तोडून रोप लावलं की हिशेब पूर्ण!

मुंबईत आरेला परवानगी होतीच की. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २१४१ झाडं पडली होती.

२०२१च्या दुरुस्तीने पन्नाशी गाठलेल्या झाडाला 'हेरिटेज' म्हटलं. तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. म्हणजे शेवटी वर्षं मोजायला लागलो तर!

आमच्या वडाचं वय गणतीवाल्यांनी कुणाला विचारलं नाही. आजोबा त्याच्या पारंब्यांना लोंबकळायचे, एवढं तरी आम्ही सांगितलं असतं.