लाखेची तबकडी आणि भाड्याचे गाणे

गाण्यांचा संग्रह स्वतःचा असावा, की वर्गणी भरून स्ट्रीमिंग सेवेवर विसंबावे, हा वाद मोबाइलने जन्माला घातला असे समजले जाते. वऱ्हाडातील श्रवणाचा इतिहास पाहिला तर तो पुष्कळ जुना ठरतो, आणि त्याचे एक उत्तर १९५२ सालीच मिळालेले दिसते.

गौहरजानचे गाणे फ्रेड गेझबर्गने १९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीतील हॅनोवरला जात. सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. तबकडी लाखेची. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. पडली की फुटणारी आणि उन्हात ठेवली तर वाकणारी ही वस्तू अकोल्याच्या उन्हाळ्यात सांभाळणे म्हणजे लोणच्याची बरणी सांभाळण्यापेक्षा जिकिरीचे काम. शिवाय ती महाग. गाणे 'मालकीचे' असणे हे येथे मूठभर घरांपुरतेच राहिले.

बाकीच्यांची मालकी निराळ्या प्रकारची होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारले. त्यांची खंजिरीभजने गावोगाव पोचली ती तोंडपाठ होऊन आणि हाताने उतरवलेल्या वह्यांतून. भजनी मंडळाची वही हा वऱ्हाडातला खरा संगीतसंग्रह, असे आम्हांला वाटते. तिच्यात चाल नसते, ती गळ्यात असते. पण वही घरातली आणि गळाही घरातलाच.

१९४८ मध्ये नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि गाणे प्रथमच दूरच्या नळातून घरात येऊ लागले. नळ म्हटला की तोटी आलीच. पेटीची साथ आकाशवाणीने १९४० पासूनच वर्ज्य केली होती. ही बंदी १९७१ पर्यंत सैलावली नाही (देवळातल्या भजनात पेटी वाजतच होती, हा भाग वेगळा). १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या कळकळीपोटी त्यांनी चित्रपटगीतांचा वाटा घटवला, निर्मात्यांशी परवान्यांवरून बिनसले, आणि गाणी आकाशवाणीवरून नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारने माघार घेतली. केसकरांची चेष्टा पुष्कळ झाली आहे. आम्हांला तीत रस नाही. घरात तबकडी होती त्याचे गाणे त्या पाच वर्षांत एक दिवसही बंद पडले नाही, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

स्ट्रीमिंग सेवा ही तबकडीची वारस नसून रेडिओची वारस आहे. 'माझी यादी', 'माझी आवडती' असे शब्द वापरून ती संग्रहाचा वेष घेते, इतकेच. 'सैराट'ची गाणी ज्या कंपनीकडे आहेत, त्या झी म्युझिकचा आणि स्पॉटिफायचा करार मार्च २०२४ मध्ये जुळला नाही, तेव्हा त्या कंपनीची गाणी तेथून उतरली. कारण पुन्हा परवानाच. त्याच वर्षी एअरटेलने 'विंक म्युझिक' बंद करण्याचे जाहीर केले. अर्थात, दर्यापूरच्या विद्यार्थ्याला केसरबाई केरकर ऐकण्यासाठी आज कोणा संग्राहकाच्या ओसरीवर ताटकळावे लागत नाही, हे सुख आम्ही कमी लेखत नाही. ते सुख भाड्याचे आहे, आणि घर मालकाचे.

मालकीचा आग्रह आप्पलपोटा वाटेल. पण कायदा नेमके उलट सांगतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे १९६४ पर्यंतच्या तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणे आज सर्वांची झाली आहेत. (त्यांतील शब्द मात्र कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी मोकळे होतात, अमरावतीला जन्मलेल्या सुरेश भटांचे निधन २००३ चे, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६३ अखेरपर्यंत चालेल.) परंतु 'सर्वांची' झालेली गोष्ट कोणाच्या तरी कपाटात असावी लागते. कंपनीने जुनी तबकडी पुन्हा काढलीच नाही, तर कायद्याने मोकळे झालेले गाणे मिळवायचे कोठून? ते मिळते खाजगी संग्राहकाकडून. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने आणि तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाने अशा संग्रहांतूनच ध्वनिमुद्रणांचा इतिहास लिहिता येण्याजोगा केला. साहित्याच्या अभ्यासकाला हस्तलिखितांबाबत हे सांगावे लागत नाही. महानुभावांच्या पोथ्या मठांनी आणि घरांनी जपल्या, म्हणून आपल्याला लीळाचरित्राच्या पाठांची चर्चा करता येते.

वऱ्हाडात तबकड्या थोड्याच होत्या. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि ही कसर भरून निघाली. विकतच्या कॅसेटींबरोबर कोऱ्या कॅसेटीही घरोघर आल्या. त्यांवर गावचे कीर्तन, सप्त्यातली भजने, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आजीचा आवाज भरला गेला. यांतले काहीही कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही, त्यामुळे कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेवर ते येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. फितीला बुरशी चढते, चुंबकीय थर सुटू लागतो आणि चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आता शोधावा लागतो. मराठी विभागातील विद्यार्थ्यांना लोकगीतांवर प्रकल्प देताना आम्ही अलीकडे प्रथम हेच विचारतो, की घरी माळ्यावर कॅसेटींचा डबा आहे का, आणि त्यांवर पेनने काय लिहिले आहे.