मॅकॉचं बिऱ्हाड

मराठी माणसाचा आयुष्यात एकदा तरी पोपट होतोच; त्यासाठी तो पाळावा लागत नाही. पाळायचाच म्हटलं तर आता कायदा आडवा येतो. आमच्या लहानपणी वाड्यात दर दोन बिऱ्हाडांमागे एक पिंजरा टांगलेला असे आणि त्यात 'विठू विठू' करणारा एक हिरवा जन्मठेपेचा कैदी भिजवलेली डाळ आणि मिरची खात बसलेला असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला डांबणं हा गुन्हा ठरवला, ते उत्तमच झालं. गंमत एवढीच, की समोरच्या पिंपळावरचा पोपट घरात ठेवता येत नाही, पण ब्राझीलकडचा मॅकॉ, माणसाच्या हाताखाली जन्मलेला असेल तर, रीतसर नोंदणी करून ठेवता येतो. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ साली नियम आले. पक्षी आला, कळवा. त्याला पिल्लू झालं, कळवा. दुसऱ्याला दिला, कळवा. गेला, तरी कळवा. आमच्या घरात माझ्याबद्दलसुद्धा कुणी कुणाला इतकं कळवत नाही.

आमच्या धाकट्या चिरंजीवांनी निळा-पिवळा मॅकॉ आणायचं जाहीर केलं, तेव्हा घरात ताबडतोब खातेवाटप झालं. बांधकाम खातं चिरंजीवांनी स्वतःकडे ठेवलं. अन्न व नागरी पुरवठा आमच्या 'ही'कडे गेलं. सूनबाईंना परराष्ट्र व्यवहार मिळाला, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकांची समजूत काढणं. कारण मॅकॉ सकाळ-संध्याकाळ जे ओरडतो ते जंगलात कोसभर ऐकू जावं म्हणून ओरडतो, आणि काका आमच्यापासून फक्त दहा फूट खाली राहतात. मला इतिहास खातं देण्यात आलं. या खात्याला खर्च नाही आणि काही बिघडवायला वावही नाही, असं त्याचं समर्थन करण्यात आलं.

मी मात्र खातं मन लावून सांभाळलं. माझं म्हणणं साधं होतं : मॅकॉसाठी घर बांधणारे आपण काही पहिले नव्हे. आपल्याआधी हजार वर्षं माणसं हेच करत आली आहेत. त्यांनी कसं बांधलं आणि मग त्या घरात काय झालं, हे बघून तर घेऊ.

सर्वांत जुनं बिऱ्हाड अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधलं, चाको नावाच्या कोरड्या दरीतलं. तिथे प्वेब्लो बोनितो नावाचा एक प्रचंड दगडी वाडा आहे, शेकडो खोल्यांचा. १८९६ पासून तिथे उत्खनन झालं, तेव्हा ३८ नंबरच्या खोलीत चौदा मॅकॉंचे सांगाडे निघाले, आणि विष्ठेचा जाड थर. हे पक्षी तिथले नव्हेत. लाल मॅकॉचं सर्वांत जवळचं जंगलसुद्धा हजार किलोमीटरहून जास्त दूर, दक्षिणेला मेक्सिकोत. घोडा नाही, चाकाची गाडी नाही. म्हणजे कुणीतरी त्यांना पायी वाहून आणलं. अलीकडे, २०१५ साली, हाडांचं वय तपासून निष्कर्ष जाहीर झाला. त्यातले सर्वांत जुने पक्षी इसवी सन ९०० ते ९७५ च्या सुमाराचे निघाले. आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूटांचं राज्य होतं.

मी हे जेवताना सांगितलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, यातून बांधकाम खात्याने काय घ्यायचं?" मी म्हटलं, "ऊन." दगडी खोलीत पक्षी टिकवता येतो, वाढवता येत नाही. हाडांना उन्हातलं जीवनसत्त्व लागतं. त्या एका शब्दावर आमच्या पिंजऱ्याची जागा हॉलमधून उठून गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गेली. सकाळचं ऊन तिथेच येतं, आणि दुपारी सावलीत सरकता यावं म्हणून अर्ध्या भागावर छप्पर आलं. माझ्या खात्याचा हा पहिला विजय. हॉल वाचला म्हणून 'ही'सुद्धा खूश झाली.

दुसरं बिऱ्हाड उत्तर मेक्सिकोतल्या पाकिमे गावचं. याला कासास ग्रांदेस, म्हणजे 'मोठी घरं' असंही म्हणतात. साधारण १२०० ते १४५० या काळातलं हे शहर. चार्ल्स डी पेसो या पुरातत्त्वज्ञाने १९५८ ते १९६१ या काळात ते खणून काढलं, आणि त्याला पाचशेच्या वर मॅकॉ पुरलेले सापडले. घरांच्या अंगणांतून मातीच्या कप्प्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक कप्प्याला पुढून एक दगडी चकती, तिला मधोमध गोल भोक, आणि त्या भोकाला बसणारं दगडी बूच. अंड्यांची टरफलं, पिल्लांची हाडं, सगळं तिथेच. म्हणजे इथे पक्षी नुसते आणले नव्हते, पैदास होत होती. वाळवंटाच्या काठावर, सहा-सातशे वर्षांपूर्वी! आजही मॅकॉची जोडी जमवता जमवता भल्याभल्यांचे केस पिकतात.

ते दगडी बूच वाचून आमच्या फॅब्रिकेशनवाल्याला मी फोन केला. तो साधी कडी लावणार होता. मॅकॉची चोच ब्राझीलचं टणक बदाम फोडते, आणि डोकं तीन-चार वर्षांच्या पोराइतकं चालतं. कडी त्याने पहिल्या दिवशी उघडली असती आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला शिकवली असती. आता कुलूप आहे. शिवाय दारं दोन, एकामागे एक, जुन्या वाड्यांतल्या दिंडीदरवाज्यासारखी. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. जाळी स्टेनलेस स्टीलची. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त पडते, पण पक्षी ती दिवसभर चोचीने चाटतो-चावतो आणि जस्ताने त्याला विषबाधा होते. आतल्या फांद्या पेरूच्या आणि कडुलिंबाच्या, जाड-बारीक मिसळून, म्हणजे पंजांना व्यायाम होतो. महिना-दोन महिन्यांनी त्या बदलाव्या लागतील, कारण मॅकॉच्या लेखी लाकूड हे सामान नसून खाद्य आहे.

पण पाकिमेची गोष्ट इथे संपत नाही. पुरलेल्या पक्ष्यांपैकी बहुतेक जेमतेम वर्षाचे होते. पहिली पिसं पूर्ण भरून आली, शेपटी झळाळली, की त्यांचा बळी जात असे. घर कसं, तर नमुनेदार. भाडेकरू मात्र वर्षभराचा. हे ऐकल्यावर जेवणाच्या टेबलावर कुणी काही बोललं नाही. आमच्या आठ वर्षांच्या नातीने तेवढं विचारलं, "मग घर कशाला बांधलं?" इतिहास खात्याकडे याचं उत्तर होतं, पण ते आठ वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. घर पक्ष्यासाठी नव्हतंच, पिसांसाठी होतं.

तिसरं बिऱ्हाड राजेशाही. आजच्या मेक्सिको शहराच्या जागी अझ्टेक सम्राट मोक्तेसुमाची राजधानी होती. तिथल्या पक्षिगृहाचं वर्णन खुद्द एर्नान कोर्तेसने १५२० साली स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात केलंय. पाणपक्ष्यांसाठी दहा तळी. समुद्री पक्ष्यांना खारं पाणी, नदीच्या पक्ष्यांना गोडं. जो पक्षी रानात जे खातो तेच त्याला इथे मिळे. आणि एवढ्या खटल्यासाठी नोकर किती? तीनशे. आजारी पक्ष्यांना बघणारे आणखी वेगळे. आमच्याकडे मोलकरीण दहा वाजता येते आणि साडेदहाला जाते.

पुढच्याच वर्षी, १५२१ साली, शहराला वेढा पडला तेव्हा याच कोर्तेसने ती घरं जाळली. आपल्याला फार वाईट वाटलं, पण शत्रूला त्याहून जास्त वाईट वाटणार होतं म्हणून जाळली, असं त्याने नंतर राजाला कळवलं. वाईट वाटण्याचा इतका काटेकोर हिशेब मी दुसरीकडे वाचलेला नाही.

मोक्तेसुमाची एक गोष्ट मात्र 'ही'ने तिथल्या तिथे उचलली : रानात जे खातो ते. आणि इथे आमच्या अन्न खात्याला मोठा धक्का बसला. माझ्या हाती एक जुनी नोंद होती. १५०० साली पोर्तुगीज कप्तान काब्राल लिस्बनहून निघाला तो आपल्या कालिकतला यायला. वाटेत एप्रिलमध्ये ब्राझीलचा किनारा लागला. तिथे त्यांना मोठे, देखणे लाल पोपट दिसले आणि त्याची हकिकत पत्राने राजाकडे गेली. सप्टेंबरात काब्राल कालिकतला पोचलासुद्धा. म्हणजे मॅकॉचं कौतुक आणि हिंदुस्थानची वाट एकाच गलबताने केली. मागून त्याच वाटांनी मॅकॉच्या मुलखातला सगळा बाजार आपल्याकडे आला. काजू तिकडचा. पेरू, पपई, सीताफळ, शेंगदाणा, मका, मिरची, सगळं तिकडचं! 'ही' ओट्याजवळ उभी राहून एकेक डबा बघत होती. "म्हणजे उपासाला आपण जे खातो," ती म्हणाली, "ते त्याच्या आजोळचं." मिरचीचं तर कोडंच सुटलं. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. मिरचीतला जो पदार्थ आपल्याला झोंबतो तो त्यांच्या जिभेला जाणवत नाही. वाड्यातल्या त्या विठूच्या धैर्याबद्दलचा माझा साठ वर्षांचा आदर त्या दिवशी कमी झाला.

मात्र ओट्यावरून काही गोष्टी हद्दपारही झाल्या. ॲव्होकॅडो त्याला विष, चॉकलेट विष, चहा-कॉफी नको, मीठ नको. आणि नॉनस्टिक तवा घरातच नको. तो फार तापला की निघणारी वाफ माणसाला कळतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो. लोखंडी तवा माळ्यावरून खाली उतरला. डास मारायची कॉइल गेली. तो घरात फिरायला येईल तेव्हा छताचे पंखे बंद, असा फतवा निघाला. त्याचे पंख पसरले की मीटरभराच्या वर जातात.

१९२९-३० सालचा धडा आमच्या डॉक्टरांनीच मागवून घेतला. त्या हिवाळ्यात पोपटांच्या व्यापारातून एक ताप पसरला आणि बऱ्याच देशांत माणसं दगावली. अमेरिकेने जानेवारी १९३० मध्ये पोपटांची आयात बंद केली, आणि भेदरलेल्या लोकांनी आपापले लाडके पोपट घराबाहेर काढले. तेव्हा आमचा पाहुणा आधी पशुवैद्याकडे जाईल, मग महिनाभर वेगळ्या खोलीत राहील. ती खोली माझी आहे. मी हॉलमध्ये झोपणार. इतिहास खात्याची किंमत मोजावी लागते ती अशी.

शेवटची गोष्ट सांगावी की नाही, असं मला वाटत होतं. ब्राझीलमध्ये स्पिक्सचा मॅकॉ नावाचा एक लहानखुरा निळा मॅकॉ होता. स्पिक्स या जर्मन पंडिताने तो १८१९ साली मिळवला. झाडं तुटली, पिल्लं पकडून विकली गेली, आणि १९९० साली रानात एकच नर उरला. एकटाच. आपल्या जातीचं कुणी नाही म्हटल्यावर त्याने दुसऱ्याच जातीच्या मादीशी जोडी जमवली. २००० सालानंतर तो कुणाला दिसला नाही. पिंजऱ्यांत वाढलेल्या त्याच्या भाईबंदांपैकी काही जून २०२२ मध्ये परत रानात सोडले, हे खरं. पण माझ्या डोक्यातून तो एकटा जात नाही.

"म्हणजे त्याला जाळी नको, फळं नकोत," 'ही' म्हणाली, "माणूस हवं."

"माणूस नाही तर मॅकॉ," सूनबाई म्हणाल्या.

आणि मग तो हिशेब निघाला जो कुणीच काढत नव्हतं. मॅकॉ पन्नास-साठ वर्षं जगतो. मी एकसष्टचा, चिरंजीव पस्तिशीचे. दोघांच्या वयात ती साठ मिळवून बघितली, तेव्हा पक्षी आणण्याची तारीख सर्वानुमते तीन महिने पुढे गेली. ते तीन महिने मेहनतीचे होते. सगळ्यांनी आपापल्या रोजच्या वेळा कागदावर मांडून पाहिल्या.

पिंजरा आता तयार आहे. पंधरा फूट लांब, आठ फूट रुंद, आठ फूट उंच. खालून उंदीर-घुशी येऊ नयेत म्हणून फरशीखालीसुद्धा जाळी. 'ही'च्या आग्रहाने आत एक खुर्ची ठेवलीय, पक्ष्यासाठी नव्हे, माणसासाठी. मोक्तेसुमाचे तीनशे होते, आम्ही पाच आहोत. दारावर पाळ्यांचा तक्ता चिकटवलाय : सकाळी सात ते आठ मी, मग सूनबाई, दुपारी 'ही', संध्याकाळी चिरंजीव. त्याखाली नातीने पेन्सिलने स्वतःची ओळ जोडलीय : 'शनिवार-रविवार मी. आणि २०५० पासून रोज.'

खालच्या काकांनी तो तक्ता वाचला. बुधवारी दुपारची पाळी रिकामी होती. त्यांनी आपलं नाव घातलं.