महिन्याचा हिशेब कोणाच्या वहीत?

गरिबाला संसार करता येत नाही, हे मत आपल्याकडील पांढरपेशा सुधारकांनी फार काळ जपले. कामगार दारूवर, लग्नावर, सणावर पैसा उडवतो आणि म्हणून कर्जात बुडतो, असा त्यांचा सिद्धान्त. तो मी सरकारच्याच आकड्यांवर तपासून पाहिला.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने मे १९२१ ते एप्रिल १९२२ या काळात मुंबईतील २४७३ कामगार कुटुंबांचे मासिक जमाखर्च गोळा केले. फिंडले शिर्रास यांचा त्यावरील अहवाल १९२३ साली निघाला. कुटुंबाची सरासरी मिळकत महिना ५२ रुपये ४ आणे ६ पै. अहवालातील टक्केवारी मी आण्यांत मांडून पाहिली. खर्चाच्या दर रुपयातले नऊ आणे अन्नावर, दीड आणा कपड्यावर, सुमारे सव्वा आणा खोलीभाड्यावर, तेवढाच जळण आणि दिवाबत्तीवर. उरले तीन आणे. औषधपाणी, न्हावी, पानतंबाखू, सणवार, गावी पाठवायचे पैसे, सावकाराचे व्याज, सगळे त्यात. उधळायचे म्हटले तरी उधळणार कशातून?

बरे, त्या नऊ आण्यांत पोट तरी भरत होते काय? अहवालाचाच निष्कर्ष असा की, कामगाराच्या वाट्याचे धान्य दुष्काळ संहितेतील कमाल मापाइतके होते. पण तुरुंगाच्या नियमावलीतील शिध्यापेक्षा कमी होते. दिवसभर गिरणीत राबणाऱ्या माणसापेक्षा कैद्याचे ताट भरलेले होते. ही कबुली राज्यकर्त्यांची आहे.

आता कर्जाकडे पाहू. ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती आणि कर्ज अडीच महिन्यांच्या मिळकतीइतके होते. व्याजाचा रूढ दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. या दराने मुद्दलाला हात न लावता नुसते व्याज भरायचे तरी मिळकतीच्या दर रुपयातले अडीच आणे जातात. सबंध घराच्या कपड्यालत्त्याहून व्याज मोठे! त्यातच गिरणीचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर होई. नव्याने लागलेला कामगार सहा आठवडे उधारीवर जगे. मालक कामगाराची मजुरी बिनव्याजी वापरी आणि कामगार मात्र वाण्याकडून, सावकाराकडून कर्ज काढून पीठमीठ आणी. पगार वेळेवर देण्याचे बंधन घालणारा कायदा व्हायला १९३६ साल उजाडले.

एवढे झाल्यावरही एक गोष्ट उरते. सरासरीच्या आकड्याला जात नसते, गिरणीला होती. धोट्यात कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे. आमच्या ओठांनी विटाळ होतो म्हणून जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. त्याच साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. गावात आपल्या माणसाला महिनाच नव्हता. होती ती सुगी, बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. शहराने रोख पगार दिला. तो कोणापुढे पदर न पसरता मिळत होता, म्हणूनच भुकेल्या पोटीही लोक शहरात टिकले. पण जातीने तिथेही पगारातला वाटा कापून घेतला. वतनाचे जोखड कायद्याने जायला तर १९५८ साल यावे लागले.

आमच्या घरात आजी महिना चालवी. तिला अक्षर येत नव्हते, पण वाण्याचे देणे पैशापैशाने तोंडपाठ असे. वही मात्र वाण्याची. त्याने लिहिलेला आकडा हाच खरा. तिच्या तोंडचा आकडा म्हणजे कटकट. महिनाअखेर भाकरी कमी पडली की तिला भूक नसे. ही न लागलेली भूक हीसुद्धा जमेची बाजू होती. तिच्या उपाशी राहण्यावर घराचा जमाखर्च जुळे, आणि तो रकाना कुठल्याच वहीत नव्हता.

वाण्याची वही, सावकाराचे खाते, सरकारचा अहवाल. आपल्या घरांचा आर्थिक इतिहास आजवर या तिघांनी लिहिला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि हिशेब तोंडी ठेवणाऱ्या बायाही थकल्या, गेल्या. घरातल्या ट्रंकेत पगाराच्या चिठ्ठ्या, गहाणाच्या पावत्या, रेशनकार्डे असतील तर ती रद्दीत घालू नका. म्हाताऱ्या माणसांना विचारा: पगार कितीचा, कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला, उधारी कुणाची, आणि महिनाअखेर शेवटी कोण जेवत असे? उत्तरे तारखेनिशी लिहून ठेवा. आपल्या उधळेपणाची कथा सांगणाऱ्यांपुढे ठेवायला आपलाही कागद हवा.