काळा पडदा आणि लिनक्स : एका निदानपद्धतीचा इतिहास

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिनक्स कर्नेलकडे, म्हणजे संगणकाचे सर्व भाग सांभाळणाऱ्या गाभ्याकडे, आरंभी चित्रमय पडद्याचे काम नव्हते. ते एक्स नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम करीत असे आणि त्यासाठी ग्राफिक कार्ड थेट आपल्या ताब्यात घेत असे. त्यामुळे एक्स कोलमडला की कर्नेल जिवंत असूनही पडदा काळाच राही, आणि वापरणारा वीज तोडून मोकळा होई. त्या काळी मॉनिटरची वारंवारता फाइलमध्ये हाताने लिहावी लागे. ती चुकली तर पडदा उजळत नसे, आणि काही जुन्या मॉनिटरांना इजाही पोहोचू शके.

मार्च २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीने इंटेलच्या ग्राफिक चिपांपुरता पडद्याचा आकार व वारंवारता ठरविण्याचा अधिकार कर्नेलकडे दिला. हा बदल योग्य होता, पण त्याने दोष संपविला नाही, त्याची जागा बदलली: एक्स सुरू होण्याआधीच, यंत्र चालू होताना पडदा काळा पडू लागला. तेव्हापासून आरंभीच्या आदेशात ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून कर्नेलला त्या कामापासून रोखणे हा रूढ उपाय झाला. तो निदानासाठी उत्तम, कायमचा इलाज म्हणून मात्र निकृष्ट.

वाशिम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावी यंत्र दुरुस्तीसाठी वाशिम-अकोल्याला नेण्यापूर्वी काय तपासावे, हे ठाऊक असणे मोलाचे ठरते. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेल्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्समध्ये मराठीची सोय आहे आणि मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही दिले. परंतु कर्नेलचे संदेश इंग्रजीतच राहिले, म्हणजे मराठीची साथ नेमकी अडचणीच्या वेळी सुटते.

तपासणीचा क्रम जुनाच आहे. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नेल बहुधा जिवंत असतो. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नेलने हात टेकले, असे समजावे. जिवंत असल्यास कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळींनी अक्षरी पडदा मिळतो किंवा दुसऱ्या संगणकावरून आत शिरता येते. तेही न साधल्यास आल्ट व प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे थांबत-थांबत दाबावीत. कीबोर्ड सोडविणे, प्रोग्रॅम आधी सौम्यपणे व मग बळाने थांबविणे, माहिती डिस्कवर उतरविणे, डिस्क केवळ वाचनीय करणे आणि पुन्हा चालू करणे, असे त्यांचे अर्थ आहेत. लिनक्सच्या काही वितरणांनी सुरक्षेसाठी यांतील काही आज्ञा बंद ठेवलेल्या असतात.

काळ्या पडद्याचे खापर ग्राफिक कार्डावरच फोडणे मात्र चूक. इंटेलच्या २०१३ च्या बे ट्रेल चिपा विश्रांतीच्या खोल अवस्थेत जाताना लिनक्सवर गोठत, आणि ती अवस्था आदेशाने मर्यादित केल्यावर गोठणे थांबे.

कर्नेल कोसळल्याचे कारण चित्रमय पडद्यावरच दाखविण्याची सोय २०२४ मध्ये, ६.१० या आवृत्तीत आली, आणि त्याच वर्षीच्या ६.१२ मध्ये ते कारण क्यूआर कोडच्या रूपाने मोबाइलवर टिपून घेता येऊ लागले.