ऐकविलेला ग्रंथ : 'शेतकऱ्याचा असूड'

शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील मराठी पत्रकारितेचा विचार करताना 'दीनबंधु'चे स्मरण अपरिहार्य ठरते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात हे पत्र सुरू केले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले. परंतु या पत्राने जे छापले त्याइतकेच, जे छापणे थांबविले त्याकडेही आज आपले लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते.

जोतीराव फुले यांनी १८८३ च्या जुलैमध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. पाच प्रकरणांपैकी दोन 'दीनबंधु'त आली आणि पुढील मजकूर अडला. छापखानेवाल्यांच्या भित्रेपणाबद्दल जोतीरावांनी कडक शब्दांत लिहिले आहे. देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा १८७८ चा कायदा १८८२ मध्ये रद्द झाला होता खरा. पण सरकारची धास्ती तेवढ्याने कशी जावी? लोखंड्यांना केवळ भेकड ठरवून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. जोतीरावांच्या हयातीत मात्र हा ग्रंथ संपूर्ण छापला गेला नाही.

हस्तलिखित त्यांनी ठिकठिकाणी वाचून दाखविले : मुंबई, पुणे, ठाणे येथे, तसेच जुन्नर, ओतूर, हडपसर येथेही. आपणा बडोदेकरांना विशेष अभिमानाची गोष्ट अशी की, विशीतल्या सयाजीराव महाराजांनी तो लक्षपूर्वक ऐकला.

या ग्रंथाची वाक्ये लांबलचक आहेत; शालेय निबंधाच्या कसोटीस ती उतरणार नाहीत. तरीही अर्थ कोठे अडत नाही, कारण प्रत्येक वस्तू तिच्या गावच्या नावाने येते. कलेक्टरच्या तंबूवरून निराश होऊन परतणारा शेतकरी, त्याचे घर, गोठा, भांडीकुंडी हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. पर्यावरण हा शब्दही रूढ नसताना जमिनीचा कस कसा जातो हे त्यांनी उलगडले आहे. डोंगरावरील पालापाचोळ्याचे कुजलेले सत्त्व वळवाच्या पाण्याबरोबर ओढ्यात वाहून वाया जाते. म्हणून तालीवजा बंधारे असे घालावेत की पाणी आधी शेतांत मुरावे, मग नदीस मिळावे. हे काम फावल्या वेळी लष्कर व पोलीस यांजकडून करून घ्यावे, जंगलखात्याने घेतलेली गायराने गावांना परत द्यावीत आणि नदीनाल्यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यास फुकट नेऊ द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.