घर एकाचं, चाकं दुसऱ्याची

"अरे, हे घर आहे की होडी?" असं म्हणून बायको गाडीतून उतरली ती पुन्हा चढेना. वर्षभर पाहिलेलं मोटरहोमचं स्वप्न वीस मिनिटांच्या चाचणीत गटांगळ्या खायला लागलं.

आधी एक खुलासा. अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणतात, म्हणजे गॅसोलिनचं लाडकं नाव. तेव्हा 'गॅस मोटरहोम' म्हटल्यावर सिलिंडरवर चालणारं घर डोळ्यांसमोर आणू नका! पेट्रोल इंजिनाची, आत पलंग, ओटा, फ्रीज आणि संडास-बाथरूम असलेली बसएवढी गाडी म्हणजे गॅस मोटरहोम. अशाच गाड्या डिझेलवरच्याही मिळतात. मोठ्या डिझेल गाड्यांचं इंजिन मागे असतं, खाली स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात आणि किंमत ऐकून घशाला कोरड पडते. म्हणून आमच्यासारखे नोकरदार गॅसकडे वळतात.

आम्ही पाहिलेली गाडी जुनी, ३२ फुटी. विकणारे आजोबा भले होते. "स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरा," एवढंच म्हणाले. हायवेवर त्याचा अर्थ कळला. डावीकडून एक मोठा ट्रक पुढे जाऊ लागला. आधी त्याच्या वाऱ्याने आम्हाला रस्त्याच्या कडेकडे ढकललं आणि तो बरोबरीने आला तसं आम्ही त्याच्याकडे ओढले गेलो. प्रत्येक ट्रकला हेच. परत येईपर्यंत माझे खांदे भरून आले होते. या गाडीत उद्या आमची नातवंडं बसणार होती. तेव्हा "सवय होईल" म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

इंजिनिअरला 'असं का?' हा प्रश्न झोपू देत नाही. उत्तर शोधताना मी गाडीच्या भागांपेक्षा इतिहासातच जास्त रमलो.

मोटरहोमची हौस मोटारीइतकीच जुनी. पिअर्स-ॲरो कंपनीने १९१० मध्ये झोपायची सोय असलेली 'टूरिंग लँडाउ' न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दाखवली. १९१५ मध्ये रोलंड कॉंकलिन नावाचे उद्योगपती आपल्या कुटुंबाला २५ फुटी, सुमारे आठ टनी गाडीत घालून न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. पण हे सगळं श्रीमंतांचं, एकेकट्या गाडीचं काम. सामान्यांचं मोटरहोम आलं ते १९५८ नंतर. मिशिगनमधल्या ब्राउन सिटीच्या रेमंड फ्रँक यांनी आधी घरच्यांसाठी एक गाडी बनवली. लोक विचारायला लागले तसं पुढच्या काही वर्षांत डॉज कंपनीच्या चॅसीसवर तशा गाड्या बांधून विकायला काढल्या. 'मोटर होम' हे नावही त्यांनीच रूढ केलं. १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागो कंपनीने मोटरहोम कारखान्याच्या साखळीवर आणलं आणि इतरांच्या जवळपास निम्म्या किमतीत विकलं.

स्वस्ताई आली, पण तिच्यासोबत एक वाटणीही पक्की झाली. चाकं, इंजिन, ब्रेक आणि सांगाडा मोटार कंपनीचा, वरचं घर दुसऱ्याचं. आपल्याला ही पद्धत नवी नाही. पुण्याच्या रस्त्यावर नुसती चॅसीस घेऊन, डोक्याला फडकं गुंडाळून जाणारे ड्रायव्हर आपण पाहिलेत. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये विकत आणलेल्या चॅसीसवरच बस बांधत आले आहेत. फरक एवढाच, की अमेरिकेत ही चॅसीस मूळची पाव आणि पार्सलं वाटणाऱ्या व्हॅनच्या जातीची. पुढे अखंड आक्सल, खाली पाट्यांच्या स्प्रिंगा. माल वाहायला उत्तम, पण तिच्यावर बारा फूट उंचीची भिंत उभी केली की वाऱ्याला शीडच मिळालं!

त्यात गिऱ्हाइकाला घर मोठं हवं. मग घर बांधणारा काय करतो? सांगाडा मागे वाढवतो. चाकं होती तिथेच राहतात आणि शेपूट लांबतं. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून घाट उतरलेल्याला हे वेगळं सांगायला नको. त्या शेपटावर आडवा वारा बसला की मागचं आक्सल खुंट्यासारखं होतं आणि गाडीचं नाक भलतीकडे वळतं. होडी म्हणतात ती हीच.

सगळ्यांनीच हे मुकाट्याने मान्य केलं असंही नाही. १९७३ मध्ये जनरल मोटर्सच्या जीएमसी विभागाने घर आणि चाकं दोन्ही एकाच टेबलावर आखलेलं मोटरहोम आणलं. ओल्डस्मोबिल टोरोनॅडो या मोटारीचं ४५५ घनइंची इंजिन पुढची चाकं फिरवायचं, त्यामुळे खालून मागे जाणारा दांडा नाही आणि जमीन बुटकी. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक दोन चाकं, त्यांना हवेचे फुगे. लांबी २३ किंवा २६ फूट, बस. चालवणारे अजूनही तिचं कौतुक करतात. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात अरबांनी तेल अडवलं आणि पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचा बाजार बसला. १९७८ मध्ये उत्पादन थांबलं, तोवर तेरा हजारांच्या आसपास गाड्या बनल्या होत्या. हौशी लोकांचे क्लब त्या आजही जपतात.

बाकी धंदा वाटणीच्याच वाटेने गेला. आधी शेवरोलेची पी-३०, मग फोर्डची एफ-५३. आज मोठ्या गॅस मोटरहोमखाली बहुधा हीच एफ-५३ असते. इंजिनं ताकदवान झाली, पण भिंतीची उंची आणि वारा तेच राहिले. म्हणजे घर आणि चाकं यांचं जमलंय की नाही, हे शेवटी घेणाऱ्यानेच बघायचं.

म्हणून मी आजोबांकडे पुन्हा गेलो, टेप घेऊन. आधी ट्रकच्या काट्यावर दोन्ही आक्सलांचं वेगवेगळं वजन केलं. मागच्या टोकाची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली होती, त्यामुळे सी-सॉसारखी पुढची चाकं हलकी झाली होती. टायरांत त्यांच्या अंगावर छापलेली कमाल हवा ठासून भरलेली. टाकी रिकामी केली, हवा वजनाच्या तक्त्याप्रमाणे कमी केली. निम्मा त्रास गेला. पुढच्या चाकांचा कल सायकलच्या चिमट्यासारखा थोडा वाढवला, मागचं आक्सल आडव्या दांड्याने बांधलं, तर आणखी फरक पडतो. पण टेप खोटं बोलत नाही. लांबी ३८४ इंच, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १७८ इंच, म्हणजे ४६ टक्के. जाणकार ५५च्या आसपास मागतात. हा दोष कुठलाही मेकॅनिक काढू शकत नाही. आजोबांना नमस्कार केला आणि निघालो.

दोन महिन्यांनी दुसरी मिळाली. २९ फूट, चाकांतलं अंतर १९० इंच, म्हणजे जवळपास ५५ टक्के. पलंग छोटा, कपाट एक कमी. या वेळी स्टीअरिंगवर बायको बसली. ट्रक शेजारून गेला, तिने थोडंसं सावरलं आणि गप्पा चालू ठेवल्या. "घेऊ या," म्हणाली.

तुमच्यापैकी कुणी इकडे येऊन भाड्याने मोटरहोम घेणार असेल, तर एवढं लक्षात ठेवा: आतल्या सोफ्यावर बसून बघण्याआधी बाहेर उभं राहून चाकं बघा. आणि वायोमिंगमधल्या आय-८० रस्त्यावर जोराच्या वाऱ्यात उंच, हलक्या गाड्यांना बंदी करतात, तशी पाटी दिसली की मुकाट्याने थांबा. आत ओटा आहेच. चहा करावा!