डायल टोन येतो का?

गुरुवार, २८ ऑगस्ट २००३. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बंगळुरात यशवंतपूरला थांबते आणि तुम्ही लगबगीनं उतरता. गाडीत तसंच बसून राहिलात तर ती थेट मॅजेस्टिकला नेऊन सोडेल आणि मल्लेश्वरमसाठी उलटं यावं लागेल, हे बेळगावच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. बॅगेत इस्त्रीचे कपडे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बायोडेटाच्या प्रती आणि कालच्या बुधवारच्या पुरवणीतून कापलेली जाहिरात: टेक्निकल सपोर्ट, हेल्पडेस्क, फ्रेशर्स चालतील, वॉक-इन शुक्रवारी सकाळी दहाला, संपिगे रोड.

तुम्ही आलात वीस-बावीस वर्षं पुढून, पण तिकडून आणलेलं फारसं काही इथं चालत नाही. खिशातली दोनशेची नोट २०१७ साली निघायची आहे. यूपीआय नाही, जीमेलला अजून सात महिने आहेत आणि ‘स्क्रीनशॉट पाठवा ना’ म्हणावं तर पाठवायचा कशावरून? रिक्षावाल्याशी तुम्ही कानडीत बोलता. तुमची बेळगाव-धारवाडकडची कानडी ओळखून तो हसतो आणि मीटरपेक्षा दहा रुपये जास्त मागतो. संपिगे रोडच्या टोकाला मॉल नाही, मेट्रोचे खांब नाहीत. ती हिरवी लाइन २०१४ साली यायची. रस्त्याला नाव देणारा सोनचाफा मात्र अजून अधूनमधून दिसतो, आणि समांतर जाणाऱ्या मार्गोसा रोडवर कडुनिंबही.

आत्याचं घर अकराव्या क्रॉसला. लाल ऑक्साइडची जमीन, दारावर आंब्याच्या पानांचं तोरण. “ये बाळ, दमलेलं दिसतंय पोर,” म्हणत ती कॉफी देते आणि लगेच कामाला लावते, कारण परवा गौरी. इकडे गौर गणपतीच्या आदल्या दिवशी येते. गणपती बसल्यावर मागून गौरी आणणाऱ्या आपल्या लोकांना हे पहिल्या वर्षी हमखास चुकल्यासारखं वाटतं. आठव्या क्रॉसचा बाजार केळीचे खुंट, शाडूच्या मूर्ती आणि मोगऱ्याच्या माळांनी रस्त्यावर आलाय. पेपरांत अजून मुंबईच्याच बातम्या आहेत. सोमवारी झवेरी बाजारात आणि गेटवेपाशी स्फोट झाले.

आत्याचे यजमान, म्हणजे मामा, दुपारी तुम्हाला काडु मल्लेश्वराला नेतात. बंगळुरात मराठी माणूस भेटला की पाच मिनिटांत शहाजीराजे निघतात, तसे ते पायऱ्या चढता चढता निघतातच. शहाजींची जहागीर, मग त्यांचे धाकटे पुत्र एकोजी, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, आणि त्यांनी १६६९ साली मल्लपुरच्या या देवाला मेदरनिंगनहळ्ळी गाव इनाम दिल्याचा शिलालेख. मल्लेश्वरमची वस्ती खऱ्या अर्थानं वाढली ती त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १८९८च्या प्लेगनंतर. तुम्ही मान डोलावता. मनात मात्र ओएसआय मॉडेलचे सात थर चाललेत: फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क…

हे सात थर मुलाखतीत हमखास विचारतात. नोकरी लागल्यावर ते नावानिशी कुणी विचारत नाही, पण आधी केबल बघायची आणि मग वर सरकायचं, ही सवय त्यातूनच लागते. एवढ्यासाठी ते पाठ करायला हरकत नाही. बाकी ‘टॉप हंड्रेड इंटरव्ह्यू क्वेश्चन्स’ची झेरॉक्स, जी बेळगावातल्या क्लासनं तुम्हाला दिली, ती गाडीतच राहिली असती तरी बिघडलं नसतं.

संध्याकाळी सायबर कॅफे. आठ खोपटी, पडदे, तासाचं भाडं. तुम्हाला बसायला मिळतं खरं, पण पाच मिनिटांत पडद्यावर मधोमध एक चौकट उभी राहते: सिस्टिम बंद होत आहे, कामं जतन करा, रिमोट प्रोसिजर कॉल ही सेवा अचानक बंद पडली. खाली आकडे उतरायला लागतात. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. शेजारच्या खोपटातून शिवी ऐकू येते. त्याचंही तेच झालंय.

हा ब्लास्टर. ११ ऑगस्टला सुटला. मायक्रोसॉफ्टनं हे भोक बुजवणारा पॅच १६ जुलैलाच दिला होता, पण बहुतेकांनी तो लावला नाही, आणि आता लावावा म्हटलं तर डायल-अपवर तो उतरायच्या आत मशीन रीस्टार्ट होतं. एक्सपीत फायरवॉल आहे, पण मुळात बंद असते. ती आपोआप चालू मिळायला पुढच्या ऑगस्टमधला सर्व्हिस पॅक टू यावा लागेल. त्यात १८ तारखेपासून आणखी एक किडा फिरतोय, जो ब्लास्टर पुसून स्वतःच पॅच लावू बघतो आणि त्या परोपकारापायी अख्खी नेटवर्कं तुंबवतो.

तुम्ही स्टार्टवर जाता, रन उघडता, टाइप करता, एंटर. आकडे एकवीसवर थांबतात आणि चौकट नाहीशी होते. मग तुम्ही फायरवॉल चालू करता आणि टास्क मॅनेजरमधून एमएसब्लास्ट नावाची फाइल मारता. कॅफेवाला मागे येऊन उभा राहिलाय. “काय केलंत?” तुम्ही कानडीत सांगता, एका दमात. तो दुसऱ्या मशीनवर जाऊन करून बघतो, आणि ते मशीन त्याच्या डोळ्यांदेखत बंद पडतं. तुम्ही स्वतः केलंत तेव्हा जमलं, सांगितलंत तेव्हा जमलं नाही. का, ते तुमच्या लक्षात येत नाही.

ते येतं रात्री जेवणानंतर. मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. शेवटची कितीतरी वर्षं ते १९८वर बसायचे, म्हणजे ज्या नंबरावर अख्खं शहर आपला फोन मेल्याची तक्रार दुसऱ्याच्या फोनवरून करायचं. हेल्पडेस्क म्हणजे काय, हे तुम्ही त्यांना समजावायला जाता. ते ऐकून घेतात, सुपारी कातरतात आणि म्हणतात, “म्हणजे आमचंच काम की. आम्ही डॉकेट नंबर द्यायचो, तुम्ही तिकीट नंबर देणार. सांग बघू, माणूस म्हणाला फोन बंद आहे, तर पहिलं काय विचारायचं?”

“कधीपासून बंद आहे?”

“चूक नाही. पण मी विचारायचो, डायल टोन येतो का? येत असेल तर लाइन जिवंत आहे, मग दुखणं दुसरंच. येत नसेल तर पुढचं: घरात दुसरा फोन आहे का, तो लावून बघितला का? मग शेजाऱ्यांचा चालू आहे का? त्यांचाही बंद असेल तर तुझ्या घरात माणूस पाठवून उपयोग नाही, केबल गेली. मग विचारायचं, काल तिकडं पाऊस झाला का? झाला असेल तर जॉइंटमध्ये पाणी.” ते अडकित्ता खाली ठेवतात. “चार प्रश्नांत कळायचं, शिडीवाला पाठवायचा की खड्डेवाला. आणि हे सगळं तोंड न बघता.”

तुम्ही वही काढता. हेच प्रश्न इंटरनेटला लावून बघता. केबलचा दिवा लागलाय का? शेजारच्या टेबलावर नेट आहे का? आयपीकॉन्फिग टाकल्यावर पत्ता १६९.२५४ने सुरू होतो का? तसं असेल तर पत्ते वाटणारा सर्व्हर या मशीनपर्यंत पोचतच नाही, आणि ब्राउझरची सेटिंगं धुंडाळण्यात अर्थ नाही. क्लासच्या झेरॉक्समध्ये ही सगळी उत्तरं होती. कुठल्या प्रश्नानंतर कुठला विचारायचा, एवढंच नव्हतं.

मग मामा खुर्ची भिंतीकडे फिरवतात, मांडीवर पाटी घेऊन कागद लावतात. “मी गिऱ्हाईक. माझं मशीन साठ सेकंदांत बंद पडणार. तू सांगशील तेवढंच मी लिहिणार, माझी अक्कल चालवणार नाही. आत्या, घड्याळ बघ गं.”

तुम्ही सुरू करता. स्टार्ट दाबा, रन दाबा, आता लिहा: शटडाउन स्पेस मायनस ए. एंटर. मामा कागद वर धरतात. त्यावर टेलिफोन खात्याच्या वळणदार इंग्रजी अक्षरांत ‘शटडाउन’, त्यापुढे ‘स्पेस’ हा शब्द, त्यापुढे ‘मायनस’ हा शब्द, आणि मग ए. आत्या हसून हसून डोळे पुसते. तुम्हाला कॅफेवाला आठवतो.

दुसऱ्या खेपेला तुम्ही सावकाश घेता, आणि सावकाश घेतल्यानंच वेळ वाचतो. “शटडाउन लिहा, सगळं जोडून. झालं? आता खालची लांब पट्टी एकदाच दाबा. झालं? आता शून्याच्या उजवीकडचं बटण, आडवी रेघ आहे बघा. लगेच चिकटून ए, ॲपलचा ए. वाचून दाखवा.” आत्या म्हणते अडतीस सेकंद. मामा म्हणतात, “एक राहिलं. मशीन कुठलं ते विचारलंसच नाही.” खरंच राहिलं. विंडोज ९८ला हा किडा लागतच नाही आणि २०००मध्ये ही आज्ञा मुळात नसते. म्हणजे आधी ‘कुठलं विंडोज?’ आणि मगच बाकीचं.

झोप येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे की उद्यासारख्याच एका शुक्रवारी, १९ जुलै २०२४ला, क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळी पाडणार आहे, आणि तेव्हा रिमोटची सगळी साधनं असूनही हेल्पडेस्कवाले फोन कानाला लावून लोकांकडून ४८ आकडी बिटलॉकर की टाइप करून घेत बसतील. सहा-सहा आकड्यांचे गट. वाचून दाखवा. झालं? पुढचा. हेही ठाऊक आहे की डेलनं बंगळुरात २००१ साली उघडलेल्या सपोर्ट सेंटरकडचे काही कॉर्पोरेट ग्राहकांचे कॉल येत्या नोव्हेंबरात तक्रारींपायी अमेरिकेकडे परत वळवले जातील. त्यावर उच्चारांचे क्लास आणखी वाढतील. माझं मत विचाराल तर उच्चार हा अर्धाच आजार. तिकडचं गिऱ्हाईक वैतागतं ते पढवलेल्या प्रश्नांना. आपण आत्ताच सांगितलेलं याला ऐकूच गेलं नाही, हे कळल्यावर.

शुक्रवार. संपिगे रोडवर दुसऱ्या मजल्यावर जिन्यापर्यंत रांग. कुणी एमसीएसई, कुणी मेकॅनिकलचा पदवीधर, एक जण हिंदुपूरहून रात्रभर बसमधून आलेला. रांगेतली चर्चा पगाराची, कॅबची आणि रात्रपाळीत अमेरिकन नाव घ्यावं लागतं का याची. एचआरच्या बाई ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ पाच मिनिटांत उरकतात. टेक्निकलवाला तुम्हाला एका फोनपुढे बसवून शेजारच्या खोलीत जातो. घंटी वाजते.

“माझी ई-मेल बंद आहे.”

“येत नाही, की जात नाही?” तुम्ही विचारता.

पलीकडे क्षणभर थांबणं. “जाते. आता यायची थांबली.”

“ऑफिसात बाकीच्यांना येते?”

“येते.”

“थांबायच्या आधी शेवटच्या कुठल्या आल्या?”

“शेकडो आल्या. तुम्ही व्हायरस पाठवला म्हणून परत आलेल्या. मी तर कुणाला काही पाठवलंच नाही! माझ्या मशीनला व्हायरस लागलाय ना?”

इथं बहुतेक जण हो म्हणून अँटिव्हायरस लावायला सांगत असणार. तुम्ही म्हणता, तसंच असेल असं नाही. १९ ऑगस्टपासून सोबिग-एफ फिरतोय. तो ज्याच्या मशीनवर बसतो त्याच्या ॲड्रेस बुकातून भलत्याचाच पत्ता उचलून प्रेषक म्हणून लावतो. म्हणजे लागण तुम्हाला ओळखणाऱ्या कुणालातरी झालीय आणि परतीची टपाल तुमच्या दारात. बहुधा मेलबॉक्स भरलाय. तरी खात्री करू: गेल्या आठवड्यात पीआयएफ किंवा एससीआर शेपटाची एखादी अटॅचमेंट उघडली होती का?

“नाही.”

“मग आपण आधी जागा करू. झाल्यावर स्कॅनही करू.”

तो परत येतो, समोर बसतो. काही विचारायचंय का, म्हणतो. तुम्ही विचारता, एका कॉलला किती मिनिटं धरता? आठ, तो सांगतो. आणि आठ मिनिटांत सुटलं नाही तर? तर लेव्हल टूला. तो एक कोरा कागद तुमच्याकडे सरकवतो. “समजा सुटलं नाही. तिकिटात काय लिहाल? लेव्हल टूच्या माणसानं गिऱ्हाइकाला तेच प्रश्न परत विचारता कामा नयेत.”

तुम्ही पेनाचं टोपण काढता. ई-मेल जाते, येत नाही. इतरांची चालू. आधी शेकडो बाउन्स, प्रेषकाचा पत्ता बनावट, सोबिग-एफचा संशय. अटॅचमेंट उघडलेली नाही, असं ग्राहक सांगतो. मेलबॉक्स भरल्याची शक्यता. कोटा सर्व्हरवर तपासावा. तो कागद उलटा फिरवून वाचतो आणि शेवटून तिसऱ्या वाक्यातल्या ‘असं ग्राहक सांगतो’खाली रेघ ओढतो.

“हे कुठं शिकलात?” तो विचारतो.

“एकशे अठ्ठ्याण्णववर,” तुम्ही सांगता, आणि त्याला ते कळत नाही.